फूलमायचे जाहीर आभार

आमच्या गावात आभार मानायची रीत नव्हती. हे ऐकून कुणाला वाटेल, काय रानटी लोक! तर तसं नाही. शेजारणीनं परसातली वांगी आणून दिली की माझी आई टोपली पुढ्यात ओढून एकेक वांगं चाचपायची आणि म्हणायची, "एवढेच? अन् हे तं किडके दिसून राह्यले." शेजारीण म्हणायची, "मंग आण इकडं, गाईले टाकतो." आई टोपली घट्ट धरायची. झालं. दोघी मग निवांत बसून गावभरच्या गोष्टी करायच्या. कुणी बैलबंडीत बसवून वडशाच्या बाजाराला नेलं, तर उतरताना "येतो" म्हणायचं, तो "हो" म्हणायचा. कुणी अगदी जिवावरचं निभावून नेलं असेल तर त्याच्या घरी जाऊन ओसरीवर घटकाभर टेकायचं. पावसाचं बोलायचं, गुरांचं बोलायचं; ज्यासाठी गेलो त्याचं अक्षर काढायचं नाही. उठताना तो म्हणायचा, "बसा ना, काय घाई हाय?"

मला मात्र सदा घाई. आई म्हणायची, पोटातसुद्धा तू धड बसली नाहीस. ते खरंच असावं, कारण ही गोष्ट सांगायला बसले तरी मी दोनदा उठून अंगणात जाऊन आले. इतकी वर्षं झाली, तरी ते दिवस आठवले की पायाला भिंगरी लागते.

पन्नास-पंचावन्न सालाच्या दरम्यानची गोष्ट. वडशाच्या पुढे, कुरखेड्याच्या वाटेवर, आमचं गाव. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आई आणि मी. सातवी पास झाल्यावर मी गावच्याच शाळेत मास्तरीण लागले. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला, दुसऱ्यानं उजेड आणि माणसाचा आकार तेवढा कळे. तरी ती घरात भराभरा हिंडायची. भिंती पाठ होत्या तिला. मग मला वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी नागपूरला पाठवलं आणि तिथं मी आभार मानायला शिकले.

शिकले म्हणजे काय, शिकवलं मला. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात माझी शाई संपली. बाजूच्या मुलीनं आपली दौत पुढे सरकवली. मी टाक बुडवला, लिहिलं, दौत परत सरकवली. आमच्याकडे याच्यावर बोलायचं काय असतं? तर त्या बाईसाहेब दुसरीला म्हणाल्या, माझ्यासमोरच, "हिला काही द्या, तोंडातून शब्द फुटायचा नाही. खेड्यातली ना!"  ती रात्र मी कूस बदलत काढली आणि दुसऱ्या दिवसापासून असा सपाटा लावला आभाराचा, की विचारू नका. पोळी वाढली, आभारी आहे. खिडकी लावली, आभारी आहे. शिपायाला, भाजीवालीला, सगळ्यांना. एका टांगेवाल्याला म्हटलं तर तो बिचारा घाबरला. "काऊन बाई, काही चुकलं का माह्यं?" मला राग आला त्याचा. मनात म्हटलं, कधी सुधारणार हे लोक?

तर अशी मी सुधारत असताना, उन्हाळ्याच्या तोंडाला, हेडमास्तरांचं कार्ड आलं. आईला हिवतापानं धरलं आहे, परीक्षा टाकून येऊ नये, टोल्यावरची फूलमाय घरी येऊन राहिली आहे.

फूलमाय म्हणजे आईची फूल. आमच्या त्या भागात छत्तीसगडाकडून आलेली एक चाल होती. दोन पोरींचं मन जुळलं की देवापुढे उभं राहून एकमेकींच्या केसांत फूल खोवायचं. त्या दिवसापासून दोघींचं नाव सुटलं. ही तिला फूल म्हणणार, ती हिला फूल म्हणणार, मरेपर्यंत. आई कुणब्याची, फूलमाय गोंडाची, माहेरच्या गावी दोघींची घरं लागून. दहा-अकरा वर्षांच्या असताना त्यांनी फूल जोडलं. पुढे आई लग्न होऊन या गावी आली आणि दोन वर्षांनी फूलमाय आमच्या गावाबाहेरच्या टोल्यावर, गोंडांच्या वस्तीत, नांदायला आली. फुलांमध्ये जात आड येत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

मोठी फटकळ बाई. तोंडात तंबाखू, कमरेला विळा, चालताना स्वतःशीच कुणालातरी शिव्या देत चालायची. रोज तिन्हीसांजेला यायची, आमच्या पायरीवर बसायची. मला लहानपणी "ए कातिन" म्हणायची, का तर मी जाळ्यातल्या कोळ्यासारखी सारखी इकडून तिकडे. मास्तरीण झाल्यावर "मास्तरीणबाई" म्हणू लागली, पण अशा आवाजात की कातिन बरं वाटावं.

मी परीक्षा दिली आणि धावत गावी आले. आई बाजेवर बसली होती, निम्मी उरलेली. तिनं हळूहळू सांगितलं. अकरा दिवस ताप उतरला नाही. अकरा दिवस फूलमाय हलली नाही. हुडहुडी भरली की ती आईच्या अंगावर गोधड्या घालून वर स्वतः पडायची. आणि हे दिवस कोणते? मोह गळायचे! टोल्यावरच्या माणसाला विचारा मोहाची एक पहाट म्हणजे काय ते. झाडं वर्षातून पंधरा-वीस दिवस फुलं गाळतात. अंधार असतानाच झाडाखाली पोचायचं, ऊन चढेपर्यंत वेचायचं. त्यावर वर्षाचं मीठ, कपडा, पोरीबाळींची लग्नं. फूलमायच्या वाट्याची चार झाडं होती. ती त्या वर्षी दुसऱ्यांनी वेचली.

 हिला आपण काय देऊ, कसं देऊ, तिला कळेल असं कसं सांगू? आई म्हणाली, "जा, बसून ये तिच्या घरी." नुसतं बसून? अकरा दिवसांचं नुसतं बसून? मला ते फार अपुरं वाटलं. गावंढळ वाटलं, खरं सांगायचं तर.

त्याच उन्हाळ्यात गावानं श्रमदान करून शाळेला एक नवी खोली बांधली होती. पावसाच्या आत उद्घाटन करायचं ठरलं. विकासखात्याचे साहेब जीप घेऊन येणार. हेडमास्तर म्हणाले, "बाई, कार्यक्रमाला आता आभारप्रदर्शन लागतं म्हणे. आम्हाला काही ते जमायचं नाही. तुम्ही नागपूर पाहून आलात." मला काय, हवंच होतं. चार पानं लिहिली. आणि मनात एक बेत केला, आईलाही न सांगता. वडशाला जाऊन हिरवं लुगडं आणलं, नारळ आणला.

कार्यक्रम चिंचेखाली. साहेब बोलले, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, मग मी उभी राहिले. गावात आजवर कुणी कुणाचे असे उभं राहून आभार मानले नव्हते. मी एकेकाचं नाव घेऊन सुरू केलं. यांनी दगड वाहिले, यांचे आभार. यांनी पाणी भरलं, यांचे आभार. ज्याचं नाव घ्यावं तो मान खाली घाले. एकाला वाटलं त्याच्यावर काहीतरी बालंट येतंय. तो उभाच राहिला: "बाई, बांबू तं जंगलाचे होते, म्या फक्त तोडले!" सगळे हसले. साहेबही हसले. मी आणखी चढले.

"आणि आज या ठिकाणी," मी म्हटलं, "मला एका माउलीचे जाहीर आभार मानायचे आहेत." आणि सगळं सांगितलं. आईचा ताप, अकरा दिवस, मोहाची झाडं. मागे टोल्यावरच्या बायांमध्ये फूलमाय बसली होती. मी तिला तिच्या नावानं पुकारलं. आमच्या घरात ते नाव कधी उच्चारलं गेलं नव्हतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग लोकांनी वाजवल्या. बायांनी तिला ढकलत ढकलत पुढे आणलं. मी साहेबांच्या हातानं लुगडं आणि नारळ तिला देवविला आणि म्हटलं, "आपले उपकार आम्ही विसरणार नाही. आमच्याकडून ही अल्पशी भेट."

आपले! फूलमायला 'आपले'! आज सांगताना जीभ चावावीशी वाटते.

तिनं लुगड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच विचारलं, "हे द्याले तुह्या मायनं सांगतलं का?"

"नाही, मीच," मी म्हटलं. मला वाटलं ती खूश होईल.

तिनं लुगडं टेबलाच्या कडेवर ठेवलं, त्यावर नारळ ठेवला, घरंगळू नये म्हणून हातानं नीट बसवला आणि ती चालू लागली. गर्दीतून सरळ, मागे न बघता. टोल्यावरच्या बाया एकेक करून उठल्या आणि तिच्यामागे गेल्या. साहेबांना वाटलं कार्यक्रम संपला, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत आई बसली होती, तिला दिसत तर नव्हतं. ती बाजूच्या बाईला विचारत होती, "काय झालं वो? फूल कुठी हाय?"

त्या सांजेला फूलमाय आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी माझा बदलीचा हुकूम आला. एटापल्लीकडचं गाव, जंगलातून बंडीनं पाच-सहा दिवसांची वाट, शाळा उघडायच्या आत हजर व्हायचं. पुढच्या सोमवारी निघणं भाग होतं. ट्रेनिंगचं वर्ष आईनं एकटीनं निभावलं होतं, पण तापानंतर तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. ही बदली होणार हे मला नागपुरातच कळलं होतं आणि माझं सगळं गणित फूलमायवर होतं. तसं कुणी बोललं नव्हतं, पण ठरलेलंच होतं. ती रात्री आमच्याकडे निजायला येईल, सकाळी आईला पाणी भरून देईल, मग आपल्या कामाला जाईल. आईला मी विचारून बघितलं, माझ्याबरोबर चल म्हणून. "तिथच्या भिंती मले ठाऊक नाई," ती म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. नव्या जागी ती पहिल्याच दिवशी विहिरीत गेली असती.

शेजारीण होती, पण तिची चार लेकरं, सासू अंथरुणाला खिळलेली. दिवसा डोकावली असती, रात्रीचं काय? नोकरी सोडावी तर खायचं काय? मी घरातून अंगणात, अंगणातून कुंपणापर्यंत. टोल्याकडून येणारी वाट तिथून दिसायची. कुणी बाई डोक्यावर भारा घेऊन येताना दिसली की मी चार पावलं पुढे जायची. जवळ आली की दुसरीच निघायची.  ट्रंकेत कपडे भरले, काढले, पुन्हा भरले. आणि आई बाजेवर गप्प.

"बोल ना काहीतरी!" शेवटी मी ओरडले. "मी काय वाईट केलं? सगळ्या गावासमोर मान दिला तिला!"

"दिला ना," आई म्हणाली. "आता ते मोकळी झाली, आपण बी मोकळ्या झालो. आभार परक्याचे मानतेत, पोरी. झालं, हे घे तुह्यं, अन् जा. असं सांगतलं तू तिले. साहेबासमोर सांगतलं."

"शहरात आईचेही आभार मानतात!"

"मानत असन. तिथं मानसं लवकर लवकर बदलत असन."

मला इतका संताप आला की मी घागर घेऊन विहिरीवर गेले आणि गरज नसताना तीन खेपा पाणी आणलं. संताप तिचा नव्हता. ती म्हणते ते मला पटलं होतं, त्याचा होता. पण पटून उपयोग काय? शब्द गेला होता तोंडातून, आणि माणसं टाळ्या वाजवून मोकळी झाली होती.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी टोल्यावर गेले. अर्ध्या कोसाची वाट, डोक्यावर ऊन तापलेलं. फूलमाय मांडवाखाली बसून चारं फोडत होती. चारोळीचं ते बारीक टणक बी जात्यात हलक्या हातानं भरडायचं, दाणा फुटू द्यायचा नाही, फार जपून करायचं काम. तिनं मान वर केली नाही. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "फूलमाय, माझं चुकलं. मला माफ कर."

"बस," ती म्हणाली.

मी बसले. जातं घरघरत राहिलं. माझ्या मनात हजार गोष्टी. सोमवार जवळ आला, हिला विचारू का, कसं विचारू, आधी हिनं माफ केलं म्हणायला हवं.  थोड्या वेळानं ती उठली, आत गेली आणि पानाच्या दोन्यात पेज घेऊन आली. तांदळाची, गार, वर मिठाचा खडा.

"घे. उन्हाची आली."

माझ्या तोंडून काय निघावं? "नको नको, आभारी आहे. मी जेवून आले."

सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. बरं, जातीचं मनात आलं म्हणावं तर तेही नाही. नागपूरला खानावळीत मी कुणाकुणाच्या पंगतीला बसले होते, सुधारलेली होते ना मी! नुसतं तोंडातून निघालं. जन्मभर आईला असंच म्हणताना ऐकलं होतं. तिच्या आवाजात, तिच्याच घाईत निघालं.

फूलमाय दोना हातात धरून उभी. मग हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "तुही माय बी असंच म्हणते," ती म्हणाली. "जवा आली तवा जेवूनच आली." आणि तिनं पेज परत मडक्यात ओतली. एक थेंब सांडू दिला नाही.

परतीच्या वाटेवर मला एकेक आठवू लागलं आणि मी जवळजवळ पळत सुटले. तिनं आणलेले मोह आम्ही घेत होतो. टेंभरं घेत होतो, चारोळी, डिंक, मध, सगळं घेत होतो. आणि पोळ्याला, दिवाळीला आई तिला पायरीवर पान वाढायची, ती पोटभर जेवायची, अंगण झाडून जायची. तिच्या हातचं शिजलेलं काही आमच्या घरात कधी आलं? त्या अकरा दिवसांतसुद्धा आईची पेज शेजारणीच्या चुलीवरून येत होती. आई मला हे सहज सांगून गेली होती, मीही सहज ऐकलं होतं. आमच्या घरात रात्रंदिवस राहणारी फूलमाय परसात तीन दगड मांडून स्वतःपुरतं वेगळं शिजवून खात होती, आणि आत येऊन आईचं डोकं मांडीवर घेत होती. आणि मी त्याबद्दल तिला लुगडं दिलं. लाज वाटली मला, इतकी लाज की वाटेत कुणी भेटू नये असं वाटलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. पेजेचंही सांगितलं.

"तू खाल्ली?" तिनं विचारलं.

"नाही."

ती बाजेवर आडवी झाली. मला वाटलं तिला डोळा लागला. मग म्हणाली, "म्या बी नाई." आणि कूस वळून निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण सारवत होते तर आई काठी घेऊन दारात उभी. नवं नव्हे, पण धुतलेलं लुगडं नेसलेली. "चाल," म्हणाली.

"कुठं?"

"चाल मनलं ना."

डोळे गेल्यापासून ती टोल्यावर गेली नव्हती. मी तिचा हात धरला, पण ती माझ्यापुढे ओढत होती. कधी नाही ते मी तिला म्हणत होते, हळू चल, हळू. गल्लीतून निघालो तर पाटलाच्या घरची बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. "कुठी निंगाल्या मायलेकी, एवढ्या सकाळी?"

मी काहीतरी सांगणार होते, देवळात म्हणा, वैदूकडे म्हणा. आईनं तोंड तिच्याकडे वळवलं आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली, "फुलाच्या घरी जेवाले."

त्या बाईचा हात सुपातच राहिला.  आता दुपारपर्यंत गावभर होणार, जातीतली चार माणसं दारात येणार, दंड सांगणार, विहिरीवर बायका तोंड फिरवणार, आणि सोमवारी मी इथून निघून जाणार! हे सगळं निस्तरायला ही आंधळी बाई एकटी. मी तिच्या कानाशी म्हटलं, "आई, गुपचूप जाऊ ना. सांगायची काय गरज?"

"तू चिंचेखाली उभी राहून बोलली ना?" ती म्हणाली. "मंग मी बी रस्त्यानं बोलून जातो."

पुन्हा ती मला ओढत निघाली. दोनदा तिचा पाय अडखळला, दोनदा तिनं माझा हात झटकला. टोल्याची कुत्री भुंकत आली. फूलमाय अंगणात होती, मडकी घासत. आईला बघून ती उठली, हात लुगड्याला पुसले, पण पुढे आली नाही. जागेवरूनच मला म्हणाली, "मास्तरीणबाई, इला कायले आणलं उन्हाचं? सोमवारी जातेस मनून आयकलं. मी येईन निजाले. कोणी सांगाची गरज नाई, माणूस हाय मी बी. जा, ने इले घरी."

झालं! चार दिवस ज्याच्यासाठी माझा जीव खालीवर होत होता, ते तिनं एका दमात बोलून टाकलं होतं.  वाटलं, आता आईला घेऊन परत फिरावं, सगळं निभावलं, गावात सांगता येईल की जेवलो नाही, नुसतं जाऊन आलो. मी आईचा दंड धरला. "चल आई, ती येते म्हणते."

आईनं दंड सोडवून घेतला. काठीनं चाचपत ती आवाजाच्या दिशेनं चार पावलं गेली आणि जमिनीवर, धुळीतच, मांडी घालून बसली.

"निजाचं बोलाले नाई आलो मी," ती म्हणाली. "फूल, मले भूक लागली."

 फूलमायच्या तोंडाकडे बघणं मला जमेना. मग ती आत गेली. मडक्याचं झाकण काढल्याचा आवाज आला, ओगराळं पडल्याचा आवाज आला, बराच वेळ काहीच आवाज आला नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन दोने होते. एक तिनं न बोलता माझ्या हातात कोंबला. दुसरा घेऊन ती आईसमोर बसली, आईचा हात धरून दोन्याला लावला, आणि आईनं पहिला घोट घेईपर्यंत तो हात सोडला नाही.

"चाळीस वर्सं लागली वो तुले," ती म्हणाली, "भूक लागाले."